सगुणाबाईंकडचा शनिवार

“नको,” आत्या म्हणाली. “वॉर्डाला माझं नाव नको.”

डॉक्टर त्रिभुवन हसले. चर्चचे उजागरे पाळकही हसले. आत्या असंच म्हणणार, हे दोघं वाटेत एकमेकांना सांगतच आले असणार. आमच्या मिशन दवाखान्यात लहान मुलांसाठी नवा वॉर्ड बांधून झाला होता आणि त्याच महिन्याअखेर मेट्रन रूथ आढाव, म्हणजे माझी आत्या, निवृत्त होणार होती. वॉर्डावर तिचं नाव कोरायचं असं कमिटीनं ठरवलं होतं. ते सांगायला शुक्रवारी संध्याकाळी दोघं मुद्दाम घरी आले होते.

आत्या परातीत मनुका निवडत होती. दोन दिवसांनी महिन्याचा पहिला रविवार, म्हणजे चर्चमध्ये प्रभुभोजन, येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण. त्या भोजनाचा द्राक्षरस आत्याच करायची. मनुका भिजत घालायच्या, उकळायच्या, फडक्यातून पिळून साखर घालायची. पावाच्या कडा काढून त्याचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करायचे, तेही तीच करायची.

“सिस्टर, तुमच्याइतकं कुणी केलंय या दवाखान्यासाठी?” डॉक्टर म्हणाले. “लग्न केलं नाहीत. हक्काची रजा घेतली नाहीत. हे आम्ही विसरायचं?”

“आणि आम्ही विसरलो तरी देव बघतोच,” पाळक म्हणाले.

“तेच तर,” आत्या म्हणाली.

ते पुन्हा हसले. चहा पिऊन, “महिनाअखेरीला कार्यक्रम, भाषण तयार ठेवा,” असं सांगून निघून गेले.

मी दार लावून आत आले तर आत्या परातीत हात घालून तशीच बसली होती. एक मनुका चिमटीत धरलेली. बराच वेळ तिनं तिचं देठ काढलं नाही.

“दीना, उद्या शाळेतून रजा मिळेल तुला?”

“मिळेल. का?”

“बोरखेडीला जायचंय. सगुणाकडे.”

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते, मिशनच्या कंपाउंडातल्या प्राथमिक शाळेत शिकवत होते. आई गेली तेव्हा मी चार वर्षांची. तेव्हापासून आत्याकडेच वाढले. एकोणीस वर्षांत त्या घरात सगुणा हे नाव मी एकदाही ऐकलं नव्हतं.

“सगुणा कोण?”

“उद्या कळेल,” आत्या म्हणाली आणि देठ काढलं.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. भाकर नि प्याला, म्हणजे तो पाव नि तो रस, सगळ्या मंडळीसाठी तयार करणारी माझी आत्या स्वतः प्रभुभोजन घेत नसे. ताट आमच्या बाकापाशी आलं की ती ते दोन्ही हातांनी धरायची आणि पुढं द्यायची. लहानपणी मी विचारलं होतं, “तू का नाही घेत?” ती म्हणाली होती, “पोट बरं नाही.” दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आत्याचं पोट बिघडतं, असं मी बरीच वर्षं खरंच मानत होते. मोठी झाल्यावर विचारायचं सोडून दिलं. तिच्याबद्दल कुणाच्या मनात दुसरं काही यायचं कारणच नव्हतं. गावात साथ आली की घरी न येणारी बाई ती. एखाद्या बाळंतिणीजवळ कुणी नसलं तर स्वतःची गादी तिला देऊन खाली सतरंजीवर झोपायची. लोक म्हणत, रूथ सिस्टर स्वर्गात गेल्या की तिथलीही ड्यूटी लावून घेतील.

शनिवारी सकाळी आम्ही दौंडच्या रस्त्याची एसटी धरली. आत्यानं तिची पांढरी गणवेशाची साडी नेसली होती. मी म्हटलं, आज कशाला ही? तिनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. गाडीत खिडकीशी बसूनही तिनं बाहेर पाहिलं नाही. फाट्यावर उतरलो. दोन मैल चालायचं होतं. दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती, थंडी अजून गेलेली नव्हती. एके ठिकाणी आत्या थांबली.

“परत जाऊ या का?” ती म्हणाली.

असा प्रश्न तिनं मला कधी विचारला नव्हता. ती विचारणारी नव्हतीच, सांगणारी होती. मी म्हटलं, “आत्या, मला ठाऊकच नाही आपण कशासाठी चाललोय.”

“मलाच ठाऊक आहे, म्हणून तर,” ती म्हणाली आणि चालू लागली.

सगुणाबाईंचं घर म्हणजे दोन खोल्या आणि पुढं पत्र्याची ओसरी. अंगणात तीन शेळ्या बांधलेल्या होत्या. एक बारीकशी, सावळी बाई शेळ्यांपुढं पाला टाकत होती. तिच्या चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली होती. ओसरीवर एक म्हातारे गृहस्थ खाटेवर बसून शेंगा फोडत होते. ते सगुणाबाईंचे यजमान, थोमा पारधे, हे नंतर कळलं.

सगुणाबाईंनी आमच्याकडं पाहिलं. हातातला पाला खाली ठेवला.

“रूथ?”

“हो.”

“किती वाळलीस गं,” त्या म्हणाल्या. “ये, वर ये. ही कोण? भाची? नाक तर आढावांचंच आहे. बसा, पाणी आणते.”

सगुणाबाईंनी आणलेला पाण्याचा तांब्या घेऊन मी ओसरीवर टेकले. आत्या अंगणातच उभी राहिली.

“मी बसणार नाही. आधी बोलते.”

“कोण आलंय?” थोमाकाका मोठ्यानं म्हणाले. त्यांना ऐकू कमी येत होतं.

“रूथ आढाव!” सगुणाबाई त्यांच्याहून मोठ्यानं म्हणाल्या. “माझ्याबरोबर नर्सिंगला होती ती!”

“मग बसवा की त्यांना!”

आत्यानं हात पाठीमागं बांधले. सकाळी डॉक्टर राउंडला आले की रोग्याच्या खाटेशी ती अशीच उभी राहायची आणि अशाच आवाजात सांगायची.

“एकोणीसशे एकोणपन्नास, जानेवारी महिना. बाळंतिणींचा वॉर्ड. आठव्या महिन्यात झालेलं बाळ, मुलगा, साडेतीन पौंड. ऊब राहावी म्हणून त्याच्या पायाशी गरम पाण्याची रबरी पिशवी ठेवायची होती. पाणी मी भरलं. कोपर लावून बघितलं नाही. पिशवीला फ्लॅनेलचं कापड दुहेरी गुंडाळायचं, मी एकेरी गुंडाळलं. मला खोलीवर जायची घाई होती. माझी ड्यूटी संपली, तू चार्ज घेतलास. अर्ध्या तासानं बाळ रडायला लागलं. त्याचा पाय भाजला होता.”

सगुणाबाई खांबाला टेकून ऐकत होत्या.

“तेव्हाच्या मेट्रननं दोघींना उभं केलं. पिशवी कुणी भरली, विचारलं. तू म्हणालीस, मी नाही. मी बोललेच नाही. तुझ्या पाळीत झालं म्हणून तुला नर्सिंगच्या शाळेतून काढलं. तू ट्रंक घेऊन गेलीस तेव्हा मी खिडकीतून बघत होते. मी राहिले. मी पास झाले. मी मेट्रन झाले. आता ते लहान मुलांच्या वॉर्डाला माझं नाव देणार आहेत.” मग राउंडचा तो आवाज सोडून ती म्हणाली, “लहान मुलांच्या, सगुणा.”

माझ्या हातात पाण्याचा तांब्या होता. तो कुठं ठेवावा हेच मला सुचेना. समोर उभी असलेली बाई माझी आत्याच आहे ना, असं क्षणभर वाटलं. आणि मग ती मला लहानपणी अंघोळ घालताना पाण्यात तीन-तीनदा कोपर बुडवून बघायची, ते आठवलं. मी हसायचे तिला.

“काय म्हणतायत त्या?” थोमाकाकांनी विचारलं.

“जेवायला थांबणार म्हणतायत!” सगुणाबाई ओरडल्या. मग आत्याकडं वळून हळू म्हणाल्या, “मला ठाऊक होतं.”

“काय ठाऊक होतं?”

“पिशवी तूच भरली होतीस ते. आम्ही सगळ्या फ्लॅनेलला पिन लावायचो. तू बँडेजची पट्टी बांधायचीस, फुलासारखी गाठ मारून. बाळाला उचललं तेव्हा ती गाठ मीच सोडली.”

आत्याचा चेहरा मी आयुष्यात तसा पाहिला नव्हता, ना आधी ना नंतर.

“मग सांगितलं का नाहीस मेट्रनला?”

“सांगणारच होते. पण तू तिथंच होतीस की. ओठ पांढरेफटक पडले होते तुझे. मला वाटलं, आता बोलेल. तू बोलशील म्हणून मी थांबले.” सगुणाबाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला. “तू बोलली नाहीस. आणि मग वेळ निघून गेली. नंतर कोण ऐकतंय?”

“तुला माझा राग नाही आला?”

“नाही कसा? तीन वर्षं तुझ्या नावानं भांडी आपटली मी या घरात. ह्यांना विचार. तेव्हा ह्यांना ऐकू यायचं.” त्या ओसरीच्या कडेला बसल्या. “मग पहिली पोर झाली. पौषातली थंडी. दाईनं तिच्या पायाशी वीट तापवून ठेवली. माझा डोळा लागला होता. कशानं जाग आली कोण जाणे. वीट उचलली तर हाताला चटका बसला. पोरीला काही झालं नाही, थोडक्यात निभावलं. मी ती वीट मांडीवर घेऊन रडत बसले. म्हटलं, हे तर कुणाच्याही हातून होतं.”

“ते हातून झालं,” आत्या म्हणाली. “पण मी गप्प राहिले, ते काय हातून झालं?”

“नाही. ते जड गेलं मला. ते सोडून देणं माझ्यानं होईना. खूप प्रयत्न केला. मग प्रभूला म्हटलं, हे काही माझ्यानं होत नाही, तुलाच करायचं असेल तर कर. किती दिवस हेच म्हणत होते. मग एकदा बाजारात कुणीतरी तुझं नाव काढलं, रूथ सिस्टरनं अमक्याचा जीव वाचवला म्हणून. आणि मला राग आला नाही. मी म्हटलं, बरं झालं. इतकंच. त्याला तीस वर्षं झाली असतील. रूथ, ते केव्हाच मिटलंय. आता वर ये.”

मला वाटलं आत्या रडेल, तिच्या गळ्यात पडेल. पण तिला राग आला.

“मिटलंय? असं कसं मिटलं?” तिचा आवाज चढला. शेळ्यांनीसुद्धा माना वर केल्या. “सदतीस वर्षं मी सुट्टीच्या दिवशी सुट्टी घेतली नाही. मला मागणी आली होती, मी नाही म्हटलं. पाय भाजलेल्या त्या मुलाच्या घरी मी दर नाताळला जाते, अजून जाते, त्याची पोरं आता शाळेत जातात. प्याल्याला तोंड लावलं नाही मी सदतीस वर्षं. आणि तू म्हणतेस तीस वर्षांपूर्वीच संपलं? इतकं सोपं होतं? मग मी हे सगळं कशासाठी केलं?”

“ते मला काय विचारतेस? मी सांगितलं होतं का?”

“तू चिड माझ्यावर!”

“आता? तू म्हणतेस तर चिडते बाई, पण आधी जेवून घेऊ. शेंगोळी गार होतायत.”

मला हसू आलं. आत्यानं माझ्याकडं पाहिलं, तेव्हा मी मान खाली घातली.

सगुणाबाई उठल्या आणि अंगणात गेल्या. आत्याचे पाठीमागं बांधलेले हात त्यांनी सोडवले. बळ लावून सोडवावे लागले.

“तू चांगलं काम केलंस. लोकांची पोरं जगली. ते वाया गेलेलं नाही,” त्या म्हणाल्या. “पण देवाशी बरोबर व्हायला ते करत होतीस ना? मग एक सांग. क्रुसावर झालं तेवढं तुझ्यासाठी पुरलं नाही असं तुला वाटलं? त्यात तुझ्या रात्रपाळ्यांची भर घालायची होती?”

आत्या सोडवलेल्या हातांकडं बघत राहिली.

“मला नर्स व्हायचं होतं,” सगुणाबाई म्हणाल्या. “खोटं कशाला बोलू? अजून कुणाचं बाळ पाहिलं की हात शिवशिवतात. आणि तरी सकाळी उठते तेव्हा काही कमी पडलंय असं वाटत नाही. ह्या तीन शेळ्या आहेत, हे बहिरे आहेत, पोरगी तिच्या घरी सुखात आहे. मी हे कमावलं म्हणू? मी काय कमावणार? दिलं त्यानं, मी घेतलं. तू मात्र हात मागं बांधून उभी राहिलीस.”

“मग आता मी काय करू?” आत्यानं विचारलं. लहान मुलीसारखं विचारलं.

“काही नाही.”

“काहीतरी असेलच ना.”

“काही नाही, रूथ. खरंच काही नाही.”

तेव्हा आत्या रडली. सगुणाबाईंच्या खांद्यावर डोकं ठेवून, गणवेशाच्या पांढऱ्या साडीवर शेळीच्या पाल्याचे तुकडे लागलेले, मोठ्यानं रडली. थोमाकाका शेंगा बाजूला ठेवून उठले, आतून एक कांबळं आणून त्यांनी खाली अंथरलं. “रडू द्या, रडू द्या,” ते सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले. “बरं असतं ते!”

मग आम्ही जेवलो. आमच्या घरी आत्या सगळ्यांच्या शेवटी, उभ्याउभ्याच खायची. तिथं तिला कांबळ्यावर बसवून पहिलं ताट तिला वाढलं. तिनं दोनदा शेंगोळी मागून घेतली. जुन्या वॉर्डातल्या गोष्टी निघाल्या. मेट्रनच्या टोपीची नक्कल सगुणाबाईंनी पदर डोक्यावर उभा करून दाखवली, तेव्हा आत्याला ठसका लागला.

निघताना आत्या म्हणाली, “मी उद्या चर्चमध्ये सांगणार आहे.”

सगुणाबाईंनी जरा विचार केला. “सांगायचं तर सांग. पण स्वतःला शिक्षा म्हणून नको सांगू. खरं आहे म्हणून सांग.”

दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये साक्ष द्यायची, म्हणजे आपला अनुभव सगळ्यांपुढं सांगायची वेळ आली तेव्हा आत्या उभी राहिली. मंडळीला वाटलं, निवृत्तीबद्दल आभार मानणार. डॉक्टर त्रिभुवन पहिल्या बाकावर होते, ते कौतुकानं वळून बसले. आत्यानं चार-पाच वाक्यांत सगळं सांगितलं. सगुणा पारधे हे नाव दोनदा घेतलं, दुसऱ्यांदा मोठ्यानं. शेवटी म्हणाली, “तिनं मला क्षमा केली आहे. प्रभूनंही केली आहे. ती मी आजपर्यंत घेतली नव्हती. आज घेते.” आणि बसली.

मागच्या बाकांवर शिकाऊ नर्सा होत्या, त्यांतली एक हुंदके देत होती. उजागरे पाळकांनी पुढचं गीत कोणतं ते दोनदा चुकीचं सांगितलं. मग भाकर नि प्याला देण्याची वेळ आली, तेव्हा ताट बाकावरून बाकावर न देता ते स्वतः खाली उतरले आणि ताट घेऊन आत्यापुढं उभे राहिले. तिनं घेतलं. खाल्लं. प्यालाही घेतला.

थोड्या वेळानं तिनं माझ्या कानाशी तोंड आणलं. मला वाटलं, प्रार्थना करू या म्हणतेय.

“फार गोड झालाय गं रस,” ती कुजबुजली. “दर वेळी एवढाच गोड असतो?”

“हो.”

“मग कुणी सांगितलं कसं नाही मला?”

“आम्हाला आवडतो,” मी म्हटलं.

सगळं लगेच सुरळीत झालं असं नाही. दोन जुन्या नर्सांनी कितीतरी दिवस आत्याशी बोलणं टाकलं. एकीनं तर तोंडावर सांगितलं, “आम्ही तुम्हाला काय समजत होतो!” आत्या म्हणाली, “मीही तेच समजू बघत होते, बाई.” डॉक्टर संध्याकाळी येऊन म्हणाले, नाव तरीही तुमचंच देऊ. आत्या म्हणाली, द्यायचंच तर सगुणाचं द्या. कमिटीत दोन बैठका झाल्या, वाद झाले, आणि शेवटी त्या वॉर्डावर कुणाचंच नाव लागलं नाही. अजूनही नाही. सगुणाबाई पुढं पुष्कळदा आमच्याकडं आल्या. आत्याबरोबर वॉर्डात जाऊन तासन् तास बसायच्या आणि परत येताना दोघी काहीतरी क्षुल्लक कारणावरून भांडत यायच्या.

आता आत्याही नाही, सगुणाबाईही नाहीत. मी स्वतः आत्याच्या तेव्हाच्या वयाला आले आहे. ती गेली तेव्हा खूप लोक आले होते, बोलले, मला त्यातलं फारसं आठवत नाही. मला त्या रविवारनंतरची सकाळ आठवते.

आत्या रोज पहाटे चारला उठायची. मी तिला झोपलेलं कधी पाहिलंच नव्हतं. त्या सोमवारी मी साडेसहाला उठले तर स्वयंपाकघरात सामसूम. चूल पेटलेली नाही, दाराची कडी तशीच. मी घाबरून तिच्या खोलीत धावले. ती कुशीवर झोपली होती, तोंड उघडं, एक हात खाटेखाली लोंबत होता. उन्हाचा पट्टा थेट तिच्या गालावर आला होता. मी वाकून नाकाशी बोट धरलं.

तिनं एक डोळा उघडला.

“काय गं?”

“आत्या, सात वाजायला आले! ड्यूटी आहे ना आज? बरं वाटत नाही का?”

“चांगलं वाटतंय,” ती म्हणाली. “उशिरा येते म्हणून निरोप दे.” आणि उन्हाकडं पाठ करून पुन्हा झोपली.